डेन्व्हर ते सॅन फ्रान्सिस्को : थांब्यांवरून आखलेल्या रस्त्याच्या नोंदी

२० जुलै २०२४, शनिवार

आज कामाला रीतसर सुरुवात केली. डेन्व्हरमधल्या आमच्या घरापासून सॅन फ्रान्सिस्कोत राहणाऱ्या धाकट्या बहिणीच्या घरापर्यंत अण्णा, आई, पत्नी आणि मी असे चौघे गाडीने जाणार आहोत. विमानाने हे अंतर तीन तासांच्या आत संपते. परंतु अण्णांची सारी नोकरी कराड आगारात वाहतूक नियंत्रक म्हणून गेली आहे आणि इकडे आल्या दिवसापासून ते विचारत आहेत, की या देशातली लांब पल्ल्याची गाडी नक्की कुठून सुटते. तशी गाडी आपणच काढावी, असे शेवटी ठरले.

अटी लिहून काढल्या. घटस्थापना ३ ऑक्टोबरला आहे आणि घट बहिणीच्या घरी बसवायचे असल्यामुळे त्याआधी पोहोचणे भाग आहे. गाडी चालवणारे दोघेच, पत्नी आणि मी. अण्णांना चालवायची फार इच्छा आहे, परंतु आमच्या विम्यात त्यांचे नाव नाही, त्यामुळे तो विषय तिथेच थांबवला. सर्वांत महत्त्वाची अट अण्णांच्या औषधाची आहे. त्यांच्या रक्तदाबाच्या गोळीतच पाण्याची गोळीही असल्याने त्यांना सव्वा ते दीड तासाने स्वच्छतागृह लागते. प्रवासापुरती गोळीची वेळ पुढे-मागे करू नये, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे. ही अट नोंदवहीत लिहिताना मला संकोच वाटत होता. अण्णांनीच ती पहिल्या क्रमांकावर लिहायला लावली.

२८ जुलै, रविवार

आज रस्ता निवडला. दोन पर्याय समोर होते. पहिला उत्तरेकडून, वायोमिंगमधून जाणारा आय-८० हा आंतरराज्य महामार्ग. हा सुमारे १,२५० मैलांचा, म्हणजे दोन हजार किलोमीटरचा आहे आणि सरळ, रुंद, सोयींनी भरलेला आहे. दुसरा पश्चिमेकडे रॉकी पर्वत ओलांडणारा आय-७०, आणि तो उटामध्ये सोडल्यावर नेव्हाडा आडवा कापणारा यूएस-५०. दोन्हींच्या लांबीत सांगण्यासारखा फरक नाही. फरक वस्तीचा आहे. आय-८० वर लॅरमी ते रॉलिन्स हा पट्टा वाऱ्यासाठी कुप्रसिद्ध असून तिथे रिकामे ट्रक उलटतात आणि कधी कधी महामार्गच बंद ठेवावा लागतो. तरीही हिशेबाने पाहिले तर आमच्या अटींना तोच रस्ता सोयीचा होता, हे इथे प्रामाणिकपणे नोंदवून ठेवतो.

यूएस-५० च्या नेव्हाडातल्या भागाला १९८६ साली 'लाइफ' मासिकाने अमेरिकेतला सर्वांत एकाकी रस्ता म्हटले आणि बिकट परिस्थितीत तग धरण्याची खात्री असल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका, असा मोटारचालकांच्या संघटनेतल्या एकाचा सल्लाही छापला. नेव्हाडाने त्यावर रागावण्याऐवजी तीच जाहिरात केली. वाटेतल्या गावांमध्ये शिक्के मारून घेण्याची एक पुस्तिका काढली आणि शिक्के जमवणाऱ्याला प्रमाणपत्र द्यायला सुरुवात केली. हे वाचून दाखवल्यावर अण्णा म्हणाले, "शिक्के असलेली लॉगशीट! मग याच रस्त्याने जायचे." निवड अशी झाली. पत्नीने विजेवरची गाडी न्यावी असे सुचवले होते, परंतु मधल्या पट्ट्यात पर्याय इतके मोजके आहेत की एखादा चार्जर नादुरुस्त निघाला तर तो दिवस तिथेच जाईल. पेट्रोलची जुनी गाडी नेण्याचे ठरले.

४ ऑगस्ट, रविवार

नकाशावर प्रेक्षणीय स्थळांच्या खुणा करण्यात माझा गेला आठवडा गेला होता. अण्णांनी तो नकाशा बाजूला ठेवला, एक दोनशे पानी वही घेतली आणि आगारात नव्या फेरीचे वेळापत्रक करताना जे करत असत तेच केले : आधी थांबे, मग अंतरे, मग वेळा. स्थळांचा रकाना त्यांनी आखलाच नाही. माणसे, पेट्रोल आणि दिवसाचा उजेड या तिन्ही गोष्टी जिथे पुऱ्या पडत नाहीत त्या जागा आधी शोधायच्या आणि बाकीचा रस्ता त्यांच्याभोवती बसवायचा, ही त्यांची पद्धत. पूर्ण दुपार या कामात गेली, परंतु माझ्या आठवडाभराच्या कामापेक्षा ती जास्त उपयोगी ठरली.

कोलोरॅडोत अडचण नाही. आयडाहो स्प्रिंग्ज, सिल्व्हरथॉर्न, व्हेल, ग्लेनवुड स्प्रिंग्ज, रायफल आणि ग्रँड जंक्शन अशी गावे ओळीने येतात आणि सुमारे २४५ मैलांच्या या पट्ट्यात कुठेही तासाभराहून मोठी पोकळी नाही. खरी पहिली पोकळी उटामध्ये आहे. ग्रीन रिव्हर सोडले की सलायना येईपर्यंत १०५ ते ११० मैल आय-७० वर ना गाव, ना पेट्रोल, ना खाणावळ. देशाच्या आंतरराज्य महामार्गांवर सोयींविना असलेला सर्वांत लांब पट्टा हाच. सॅन राफेल स्वेल नावाच्या उचलल्या गेलेल्या खडकांच्या प्रदेशातून हा रस्ता कापून काढलेला आहे आणि १९७० मध्ये तो खुला होईपर्यंत इथे रस्ता असा नव्हताच. दिलाशाची बाब एवढीच, की घोस्ट रॉकसारख्या दृश्यबिंदूंवर गाडी उभी करायला जागा आणि साधी, बिनपाण्याची स्वच्छतागृहे आहेत. अण्णांनी ग्रीन रिव्हरपुढे लाल शाईने 'टाकी पूर्ण' असे लिहिले.

दुसरी पोकळी अधिक कठीण आहे. उटामधल्या डेल्टा गावापासून नेव्हाडाच्या सीमेवरच्या बेकरपर्यंत सुमारे शंभर मैल. वाटेत सेव्हिअर हे बहुतेक काळ कोरडे असणारे सरोवर आहे आणि बाकी काही नाही. त्यानंतर नेव्हाडात ईलीपासून यूरेका ७७ मैल, यूरेकापासून ऑस्टिन ७० मैल आणि ऑस्टिनपासून फॅलन सुमारे ११० मैल. भूगोलाच्या भाषेत हा खोरी आणि रांगांचा प्रदेश : एक डोंगररांग चढायची, उतरायची, समोर ताटासारखे पसरलेले खोरे ओलांडायचे, की पुढची रांग उभी. ऑस्टिनच्या अलीकडे हिकिसन येथे प्राचीन शिलाचित्रांची जागा आहे आणि तिथे स्वच्छतागृह आहे; ऑस्टिनच्या पलीकडे मिडलगेटला रस्त्यालगत एक खाणावळ आहे. ईली ते यूरेका आणि डेल्टा ते बेकर या दोन पट्ट्यांसमोर मात्र अण्णांच्या वहीतला रकाना कोराच राहिला.

उपाय पत्नीने सुचवला. शिबिरांत वापरतात तसली घडीची बैठक आणि तिच्याभोवती क्षणात उभा राहणारा तंबूसारखा आडोसा मिळतो. आईने "हे असलं काही मी सामानात बघणार नाही" असे सांगितले, आणि पाच मिनिटांनी तो आडोसा किती उंच असतो याची चौकशी केली. मागवला आहे.

११ ऑगस्ट, रविवार

दिवसाला किती तास चालवायचे यावर चर्चा झाली. मी दहा तास धरले होते. अण्णांनी मोटार वाहतूक कामगार अधिनियम, १९६१ काढला : दिवसाला आठ तास आणि सलग पाच तासांच्या आत किमान अर्ध्या तासाची विश्रांती. हा कायदा भारतातल्या कामगारांसाठी आहे आणि मी माझ्याच आईवडिलांना घेऊन चाललो आहे, असे मी म्हणून पाहिले. त्यावर दिवसाला सहा तासांच्या वर चाके फिरू नयेत, असे ठरले. म्हणजे चार मुक्काम आणि पाच दिवस.

१८ ऑगस्ट, रविवार

तारखा ठरवताना आजची सकाळ गेली. आईने कालनिर्णय पुढे ठेवले. १८ सप्टेंबरपासून पितृपक्ष लागतो आणि २ ऑक्टोबरला सर्वपित्री अमावास्या आहे. म्हणजे घटस्थापनेआधी पोहोचायचे तर सारा प्रवास पितृपक्षातच करावा लागणार. "पितृपक्षात एस.टी. बंद ठेवल्याचं मला तरी आठवत नाही," असे अण्णा म्हणाले. आईने प्रवासाला मान्यता दिली, परंतु अमावास्येला वाटेत राहायचे नाही ही अट घातली. त्यामुळे पोहोचण्याची तारीख १ ऑक्टोबर ठरली आणि निघण्याची तारीख मागे मोजत २७ सप्टेंबर, शुक्रवार. शनिवार टाळता आला हेही बरे झाले, कारण सप्टेंबरच्या अखेरीस कोलोरॅडोत ॲस्पेनची झाडे पिवळी होतात आणि ती पाहायला निम्मे शहर शनिवार-रविवारी याच आय-७० वर उतरते.

याच पंचांगातून एक लाभही हाती आला. वद्य पक्षाचे शेवटचे दिवस असल्याने २९ तारखेला चंद्र पहाटेपर्यंत उगवणार नाही. बेकरला लागून असलेल्या ग्रेट बेसिन राष्ट्रीय उद्यानाला २०१६ मध्ये काळोख्या आकाशाचे उद्यान म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली आहे. तिसरा मुक्काम ईलीला धरला होता, तो बेकरला हलवला. अंधारात गाडी चालवायची नसेल तर तारे पाहायला झोपण्याची जागा तिथेच हवी. गाव अगदी लहान आहे, तरी दोन खोल्या मिळाल्या. आईने पितृपक्षाच्या अडचणीतून हे निघाले याची मला दोनदा आठवण करून दिली.

३० ऑगस्ट, शुक्रवार

ग्रेट बेसिनमधल्या लेमन गुंफांची तिकिटे तीस दिवस आधी खुली होतात, म्हणून सकाळीच संगणकासमोर बसलो. आत वर्षभर सुमारे दहा अंश सेल्सियस तापमान असते, त्यामुळे स्वेटरची नोंद सामानाच्या यादीत केली. दीड तासाची मोठी फेरी आणि तासाभराची छोटी फेरी यांत निवड करताना अट क्रमांक एक पुन्हा समोर आली, कारण गुंफेत स्वच्छतागृह असणे शक्य नाही. छोटी फेरी घेतली.

वेळ निवडताना मात्र माझी चूक झाली. नेव्हाडाचे घड्याळ उटाच्या एक तास मागे असते. मी तो तास वजा करण्याऐवजी मिळवला आणि डेल्टाहून आठला निघालो तर पोहोचायला अकरा वाजतील, असे धरून दुपारी एकची फेरी घ्यायला निघालो होतो. अण्णांनी वहीत पाहून सांगितले, की डेल्टाचे आठ म्हणजे बेकरचे सात. शंभर मैलांना पावणेदोन तास धरले तरी आपण पावणेनऊला दारात उभे असू. सकाळी अकराची फेरी घेतली. मधल्या वेळेत नाश्ता आणि मोकळी दुपार असे दोन्ही पदरात पडले. दुपारी उद्यानातल्या व्हीलर शिखराच्या रस्त्याने वर जायचे की नाही, हा प्रश्न मोकळा ठेवला आहे, कारण बारा मैलांचा तो रस्ता जवळजवळ दहा हजार फुटांपर्यंत चढतो.

१ सप्टेंबर, रविवार

आजपासून कोलोरॅडोचा टायरविषयीचा हंगामी नियम लागू झाला. आय-७० च्या डॉटसेरो ते मॉरिसन या डोंगरी भागात ३१ मेपर्यंत प्रत्येक गाडीकडे बर्फात पकड धरण्याची सोय असावी लागते. आमच्या गाडीची चारही चाके इंजिनाला जोडलेली असल्याने टायरची नक्षी ३/१६ इंच खोल असली की पुरते. मापपट्टीने मोजली. पुढची दोन टायर मापात बसली, मागची दोन बसली नाहीत. चारही बदलायचे ठरवले.

ते मोजत असताना अण्णांनी डिकीचा तळ उचलला आणि स्टेपनी कुठे आहे, असे विचारले. स्टेपनी नव्हती, कंपनीने त्या जागी पंक्चर बुजवण्याचा फेस आणि छोटा हवेचा पंप दिलेला आहे. गेली पाच वर्षे मी ही गाडी चालवतो आणि हे मला आज प्रथमच नीट कळले. "स्टेपनी नसलेली गाडी आगाराच्या फाटकाबाहेर सोडली असती तर मला घरी बसवलं असतं," असे ते म्हणाले आणि बराच वेळ गप्प राहिले. टायरचा कडेचा भाग फाटला तर फेसाचा उपयोग होत नाही आणि ईली ते यूरेका या पट्ट्यात टायर फाटला तर मदतीची गाडी यायला किती तास लागतील, याचा अंदाज बांधण्यात अर्थ नाही. नव्या टायरांबरोबर त्याच मापाची स्टेपनी, जॅक आणि पाना घेतला. डिकीतली निम्मी जागा त्यात गेली.

९ सप्टेंबर, सोमवार

शनिवारी, ऐन गणेश चतुर्थीच्या दिवशी, रेनोच्या दक्षिणेला डेव्हिस वणवा पेटला आणि हजारो लोकांना घरे सोडावी लागली. आमचा चौथा मुक्काम रेनोला होता. तीन आठवड्यांत तो विझेलही, परंतु धुराची खात्री देता येत नाही आणि अण्णांच्या छातीला धूर सोसत नाही. चौथा मुक्काम सुमारे साठ मैल अलीकडे, फॅलनला घेतला. त्यामुळे त्या दिवसाचे अंतर ३२५ मैलांच्या आत आले आणि शेवटच्या दिवशीचे तेवढ्याने वाढले. रेनोचे आरक्षण रद्द करताना एक रात्रीचे पैसे परत मिळणार नाहीत असे कळले. अट बारीक अक्षरात होती आणि मी ती वाचली नव्हती.

१४ सप्टेंबर, शनिवार

खाण्याची यादी आईने केली : पहिल्या दोन दिवसांसाठी दशम्या आणि तिखटमिठाच्या पुऱ्या, पुढे मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि मुक्कामावर भात लावायला छोटा कुकर. यावर माझे काही म्हणणे नव्हते.

म्हणणे होते ते कढीपत्त्याच्या रोपाबद्दल. आमच्याकडे कुंडीत वाढलेले एक रोप लेकीला न्यायचे असे आईने केव्हाच ठरवून टाकले होते. कॅलिफोर्नियात शिरताना ट्रकीजवळ आय-८० वर शेतीखात्याची तपासणी चौकी आहे आणि तिथे फळे व रोपे यांची चौकशी होते. कढीपत्ता हा लिंबूवर्गीय कुळातला असल्याने लिंबू-संत्र्यांच्या बागा मारणाऱ्या रोगाचा वाहक किडा त्यावरही वाढतो, म्हणून त्याच्या वाहतुकीवर कडक निर्बंध आहेत. मी हे सगळे समजावून सांगितले. आईने रोपाला कीड नसल्याचे पान उलटून दाखवले. शेवटी अण्णांनी "जकात नाका आहे तो, तिथं वाद घालायचा नसतो" असे म्हटल्यावर विषय मिटला. रोप शेजारच्यांकडे ठेवायचे आहे. ग्रीन रिव्हरची कलिंगडे प्रसिद्ध आहेत. तिथे घेतले तर नेव्हाडातच संपवायचे, अशी नोंद पत्नीने केली.

१८ सप्टेंबर, बुधवार

सोमवारी आलेल्या नव्या प्रणालीमुळे माझ्या फोनवरून, मोबाइलचे जाळे नसताना, उपग्रहामार्फत साधे संदेश पाठवता येतात. नेव्हाडाच्या खोऱ्यांत जाळे मिळणार नाही हे धरूनच चाललो होतो, त्यामुळे ही सोय वेळेवर आली. परसात उभे राहून सराव केला; फोन आकाशाकडे धरून पडद्यावर दाखवतो त्या दिशेला वळत राहावे लागते. वाटेतल्या राज्यांचे नकाशे फोनमध्ये उतरवून घेतले आणि कागदी नकाशाही घेतला. बहिणीला रोज सुटण्याची आणि मुक्कामाची वेळ कळवायची. ठरल्या वेळेनंतर तीन तासांत निरोप आला नाही तर तिने पुढे काय करायचे, हे लिहून दिले.

२२ सप्टेंबर, रविवार

आज चाचणी फेरी केली. अण्णा-आई जुलैपासून डेन्व्हरच्या ५,२८० फुटांवर राहत असल्याने त्यांना उंची नवी नाही, परंतु आयझेनहावर बोगद्याचे पश्चिम तोंड ११,१५८ फुटांवर आहे. तिथून पलीकडे सिल्व्हरथॉर्नपर्यंत जाऊन आलो. अण्णांना बोगद्यापाशी डोके किंचित हलके वाटले आणि खाली उतरल्यावर तो त्रास थांबला. त्यावरून व्हीलर शिखराच्या रस्त्याचा निर्णय घेतला : नऊ हजार फुटांवरच्या मॅथर थांब्यापर्यंतच जायचे आणि तिथून शिखर पाहून परतायचे. वरची हजारो वर्षे वयाची ब्रिसलकोन पाइनची झाडे त्यामुळे राहतील. मला वाईट वाटले, अण्णांना नाही.

परतताना पिवळी पाने पाहायला आलेल्यांच्या गर्दीत अडकलो. ६८ मैलांना तीन तास लागले आणि अट क्रमांक एकमुळे दोनदा महामार्ग सोडावा लागला. शुक्रवारी पहाटे साडेपाचला निघायचे, यावर आता कोणाचेच दुमत नाही. ग्लेनवुड दरीतला रस्ता बंद असल्यास काय, हा प्रश्नही आजच सोडवला. १९९२ मध्ये पूर्ण झालेला तो पुलांवरून जाणारा रस्ता २०२१ च्या उन्हाळ्यात दरडींमुळे दोन आठवड्यांहून अधिक काळ बंद होता आणि उत्तरेकडून स्टीमबोट स्प्रिंग्जमार्गे जाणारा वळसा काही तासांचा आहे. वळसा घ्यावा लागलाच तर पहिला मुक्काम रायफलला करायचा.

२६ सप्टेंबर, गुरुवार

सामान भरून झाले. पेट्रोल साधे ८५ नव्हे, ८७ ऑक्टेन क्रमांकाचे भरले. डोंगरी राज्यांत ८५ सर्रास मिळते, परंतु गाडीच्या पुस्तिकेत ८७ सांगितले आहे आणि आपण शेवटी समुद्रसपाटीला उतरणार आहोत. सॅन फ्रान्सिस्कोच्या बे ब्रिजवर रोख पथकर घेत नाहीत, म्हणून गाडीचा क्रमांक आधीच नोंदवला. नेव्हाडातल्या मोकळ्या कुरणांच्या भागात गुरे रस्त्यावर येतात आणि तिथे गाय गाडीखाली आली तर जबाबदारी सहसा चालकावर येते, हे पत्नीला आणि मला अण्णांनी पुन्हा एकदा वाचायला लावले. सूर्यास्ताच्या तासभर आधी मुक्कामावर, हा नियम त्याखाली दोन रेघा मारून लिहिला आहे.

अण्णांनी पाच दिवसांची पाच पाने आखून पुठ्ठ्यावर चिकटवली आहेत. थांबा, नियोजित वेळ, प्रत्यक्ष वेळ, मीटरचा आकडा, पेट्रोल आणि शेरा असे रकाने आहेत. चालक म्हणून पत्नीचे आणि माझे नाव आळीपाळीने आहे. वाहक या रकान्यात पाचही दिवस आईचे नाव आहे, आणि हे तिला अजून कोणी सांगितलेले नाही.